पेलेटचा स्टोव्ह आणि कोकणातला पावसाळा : वापरानंतरचा अनुभव

गुहागरजवळच्या आमच्या घरगुती खानावळीत गेल्या दिवाळीपासून पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या लहान गोळ्यांवर, चालणारा स्टोव्ह आहे. बाजूला पेलेट भरायचा हॉपर, आत जाळी, खालून हवा देणारा 12 व्होल्टचा ब्लोअर आणि मागून वर जाणारे धुराडे अशी त्याची रचना आहे. भात, आमटी आणि पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी त्यावर होते. मासे तळणे मात्र अजून गॅसवरच होते, कारण आच झटकन कमी करणे या स्टोव्हला जमत नाही. शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या पेलेटमधून किलोमागे साधारण 3500 ते 4000 किलोकॅलरी उष्णता मिळते आणि गॅसमधून सुमारे 11000; म्हणजे 19 किलोच्या सिलिंडरऐवजी साधारण 52 ते 60 किलो पेलेट लागतात, हा हिशेब भाव विचारण्याआधीच करावा.

स्टोव्ह बसवताना सर्वांत जास्त विचार धुराड्याचा करावा लागला. आमचे घर कौलारू, वासे आणि रिपा जुन्या लाकडाच्या. एकेरी पत्र्याचे धुराडे आणि लाकूड यांत किमान दीड फूट अंतर हवे, म्हणून दोन वासे कापून आडवे लाकूड टाकले आणि तेवढ्या भागात कौले काढून पत्रा बसवला. धुराड्याचे तोंड छपरातून बाहेर पडते तिथून किमान 3 फूट वर असावे आणि आजूबाजूच्या 10 फुटांत छपराचा जो भाग असेल त्याहून 2 फूट उंच असावे; हे पाळले नाही, तर नैर्ऋत्येचा वारा आढ्यावरून खाली वळून धूर घरात लोटतो. खाऱ्या हवेत साधा पत्रा फार टिकत नाही, म्हणून नळी स्टेनलेस स्टीलची घेतली. स्टोव्ह चिऱ्याच्या ओट्यावर ठेवला आहे आणि सोडणे (नारळाची वरची साले), चुडते (वाळलेल्या झावळ्या) यांचा ढीग, जो पूर्वी चुलीशेजारीच असायचा, तो पडवीच्या पलीकडे हलवला आहे.

विक्रेत्याने स्टोव्हबद्दल पुष्कळ सांगितले, पण इंधनाच्या साठवणीबद्दल अवाक्षर काढले नाही. कोकणात खरा प्रश्न तोच आहे. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसा; त्यातला ओलावा 10 टक्क्यांच्या आत असेल तोवरच तो नीट जळतो. एक पेलेट वाटीभर पाण्यात टाकून पाहावा : तो आधी तळाशी जातो, मग कडेने फुगतो आणि थोड्याच वेळात वाटीत नुसता लगदा उरतो. आषाढातली हवा हेच काम सावकाश करते. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, बेगमीतच पेलेट घ्यावे लागतात; गणपतीत पाहुण्यांची गर्दी असताना मिळणाऱ्या पोत्यांवर विसंबता येत नाही. आमची पोती जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर, भिंतीला न टेकवता ठेवतो आणि फोडलेले पोते झाकणाच्या पिंपात रिकामे करतो. कोरडा पेलेट मोडला की ‘कट’ असा आवाज होतो. नुसता वाकून भुगा झाला, तर तो हॉपरमध्ये घालू नये. मोठा साठा पूर्ण बंद खोलीत मात्र ठेवू नये, कारण पेलेटमधूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटू शकतो.

याच वायूची भीती वीज गेल्यावर अधिक असते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती कधी जाईल ते सांगता येत नाही. ब्लोअर थांबला की जाळीवरचे पेलेट विझत नाहीत, धुमसतात, आणि ज्या वायूला ना रंग ना वास तो खोलीत साचतो. त्यामुळे ब्लोअरला बॅटरी जोडलेली आहे, खिडकीची वरची झडप कायम उघडी असते आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. अलार्म हौसेची वस्तू आहे असे समजून पैसे वाचवू नयेत. जळत असताना हॉपरचे झाकण उघडे ठेवले, तर आग उलटी हॉपरकडे सरकू शकते. स्वयंपाकघरात नवीन माणूस आला की मी त्याला सर्वांत आधी हेच सांगते.

रोजची देखभाल फार नाही. सकाळी स्टोव्ह थंड असताना राख काढावी आणि जाळीची भोके तारेने मोकळी करावीत. राखेत कधी कधी काचेसारखे चकचकीत, टणक खडे सापडतात. काडीकचऱ्यातली वाळू आणि पोटॅश वितळून ते होतात, आणि भोकांवर बसले की हवा अडून ज्योत पिवळी, धुरकट होते. असे खडे वाढले, तर पेलेटचे पोते बदलावे. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत निदान दोन दिवस ठेवून मगच माडांच्या आळ्यात टाकतो, कारण आतला निखारा वरून दिसत नाही. धुराडे महिन्यातून एकदा ब्रशने साफ करून घेतो आणि पावसाळ्यात टोपीखाली काजळीचा चिकट थर लवकर जमतो, म्हणून त्या चार महिन्यांत दर महिन्याला दोनदा.

काजूच्या टरफलांचा मोह इथे सर्वांनाच होतो, फुकट मिळतात म्हणून. त्यांत त्वचेला भाजणारे तेल असते, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि नळीत डांबरासारखा थर बसतो. या स्टोव्हमध्ये ती घालू नयेत.

तक्रार एकच राहते. ब्लोअरचा पंखा खाऱ्या हवेने गंजून खरखरू लागला, तेव्हा विक्रेत्याने सुटा पंखा द्यायला टाळाटाळ केली आणि अख्खा ब्लोअर घ्यायला सांगितले. शेवटी चिपळूणच्या एका दुकानात त्याच मापाचा पंखा मिळाला. घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी ब्लोअर, जाळी आणि झाकण घट्ट बसावे म्हणून त्याच्या कडेला असलेली दोरी हे तीन भाग सुटे मिळतात का, ते लेखी विचारून घ्यावे.