काटा पंधरावर चढला आणि 4,800 रुपये गेले

इंदूरात घरगुती एस्प्रेसो मशीन उघडणारे मोजकेच आहेत, आणि त्यातले बरेचसे मुळात मिक्सर-गीझरवाले. हे मशीन येत नसणं हा काही गुन्हा नव्हे. पण येत नसताना पैसे कसे काढले जातात, ते रामबागेतल्या एका घरच्या मशीनवरून नीट कळतं.

मशीन साधं होतं: एक बॉयलर, कॉफी भरायचं 58 मिमीचं हँडल, व्हायब्रेशन पंप, समोर प्रेशरचा काटा. कॉफी काढताना काटा पाचाच्या वर जाईना. कारागिराने मिनिटभर आवाज ऐकला, ‘भिया, पंप तो गया’ म्हणाला आणि मशीन घेऊन गेला. दोन दिवसांनी आणून दिलं तेव्हा हँडलमध्ये बिनभोकाची बास्केट (कॉफीच्या जाळीऐवजी लावायची, पाणी अडवणारी वाटी) लावून त्याने काटा पंधरावर नेऊन दाखवला. खोक्यावरही ‘15 बार’ छापलेलं (बार म्हणजे दाबाचं माप), त्यामुळे घरच्यांची खात्री पटली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पंप चेंज + सर्विस, 4,800.

सगळी मेख त्या पंधरात आहे. 15 बार ही पंपाची कमाल ताकद झाली; एस्प्रेसोला कॉफीवर साधारण 9 बार लागतात. मधला जास्तीचा दाब सोडून द्यायला पंपाच्या पुढे एक ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह असतो. त्यात स्प्रिंग आणि रबरी सील असतं. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की सील उचललं जातं आणि जास्तीचं पाणी बारीक नळीने मशीनच्या टाकीत परत येतं. या व्हॉल्व्हचा स्क्रू आत पिळत नेला की काटा चढतो. त्याला नवा पंप लागत नाही, एक पेचकस पुरतो.

महिनाभरात त्या घरी कॉफी कधी थेंबथेंब, कधी पिचकारीसारखी यायला लागली. हँडलच्या कडेने पाणी गळू लागलं, मग मशीनखालीही ओल दिसली. उघडलं तर पंप तोच. पितळी तोंडावर जुना हिरवा गंज, रबरी पाय पिवळे पडलेले. फक्त वरून पुसलेला. व्हॉल्व्हचा स्क्रू शेवटपर्यंत आत, परतीची नळी कोरडी, आणि चौदा-पंधरा बारच्या माराने दाबाच्या पाइपचा सांधा ढिला झालेला. मूळ बिघाड काय होता? व्हॉल्व्हच्या सीलखाली क्षाराचा एक कण. त्यामुळे सील पुरतं बसत नव्हतं आणि निम्मं पाणी टाकीत परत जात होतं. उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी कमी पडलं की घरच्या टाकीत बोरिंगचं पाणी येतं. ते मशीनमध्ये ओतलं की असे कण होणारच.

व्हॉल्व्ह काढून लिटरभर कोमट पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून वीस मिनिटं बुडवायचा, सील आणि स्प्रिंग साध्या पाण्याने धुऊन परत बसवायचं. मग बिनभोकाच्या बास्केटवर काटा 10 येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवायचा. तिथे पाणी पुढे वाहत नसल्याने आकडा थोडा वर दिसतो. प्रत्यक्ष कॉफीत तो नवाच्या आसपास बसतो. काही मॉडेलांत स्क्रू नसतो, स्प्रिंगच बदलावी लागते. हात घालण्याआधी प्लग काढा आणि बॉयलर थंड होऊ द्या. कोणी ‘तेजाब से साफ कर दूँगा’ म्हणालं तर मशीन हातात देऊ नका. संडास धुण्याचं ॲसिड ॲल्युमिनियमचा बॉयलर खातं.

कारागिराला बोलावण्याआधी घरी पाहायचं ते असं. पहिला संशय कॉफीवरच घ्या. दळण जाड असेल किंवा बिया जुन्या असतील तर पाण्याला अडथळाच होत नाही आणि कितीही चांगल्या पंपाचा काटा चढत नाही. 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी यायला हवी. दहा सेकंदांत भसकन आली तर आधी दळण बारीक करा. चिकोरीवाली फिल्टर कॉफी घालून मशीन तपासूच नका. मग हँडल काढून दहा सेकंद पाणी सोडा आणि मापात धरा. अशा मशीनमध्ये 70 ते 100 मिली यावं. आलं तर पंप मेलेला नाही. नाहीच आलं आणि आवाज मोठा, पोकळ येत असेल तर पंपात हवा अडकलेली असू शकते. वाफेची तोटी उघडून पंप चालवला की बहुधा सुटते. शेवटी टाकीचं झाकण उघडून परतीची नळी बघा. काटा पाचावर आहे तरी नळीतून धार येतेय? मग दोष व्हॉल्व्हचा. बिनभोकाची बास्केट लावूनही ती कोरडीच? तर स्क्रू कोणीतरी पिळलाय. ही चाचणी दहा-पंधरा सेकंदांपलीकडे चालवायची नाही.

आणखी एक. बराच वेळ चालवल्यावर पंप थांबला आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाला तर तो जळलेला नाही. तो तापला की वीज तोडणारं त्याच्यावरचं कटआऊट तेवढं पडतं. ‘जल गया’ म्हणून पंपाचे पैसे घेण्याची ही सर्वांत सोपी जागा.

मशीन न्यायला द्यावंच लागलं तर पंपाच्या लेबलचा फोटो काढा, पंपाच्याच बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावा, व्हॉल्व्हच्या स्क्रूवर मार्करने रेघ मारा. जुना पंप परत मागा आणि ठिपका बघूनच पैसे द्या. बिलावर दुकानाचं नाव, पत्ता, पंपाचं मॉडेल हवं. ते असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करता येते. रामबागेतल्या त्या चिठ्ठीवर आकडा होता आणि खाली एक वळणदार सही. दुकानाचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्या कारागिराचा मोबाइल नंबर आता लागत नाही.