अ‍ॅमेझॉनच्या पात्रातील चार दिवसांचे जेवण

बेळगावहून निघताना आम्हाला जंगलापेक्षा जेवणाची काळजी अधिक होती, कारण मी आणि यजमान मासे खातो, पण आमच्या नणंदबाई माळकरी आहेत. पेरू देशातील इकितोस या शहराला देशाच्या इतर भागांशी जोडणारा रस्ता नाही; रस्ता आहे तो जवळच्या नाउता गावापर्यंतच. तिथे विमानाने किंवा नदीनेच जावे लागते. आम्ही लिमाहून विमानाने तिथे उतरलो, मोटारीने नाउता गाव गाठले आणि तिथून चार दिवसांसाठी बोटीवर चढलो.

मासे अप्रतिम होते. पाइचे हा दोन मीटरांहून अधिक वाढणारा आणि हवा घ्यायला पाण्यावर येणारा मासा. त्याचे जाड, पांढरे तुकडे केवळ मीठ-लिंबू लावून भाजून वाढले, तेव्हा मसाल्याची उणीव यजमानांनाही जाणवली नाही. सर्वांत रंगतदार जेवण दुसऱ्या दुपारचे होते. त्या दिवशी हुआने, म्हणजे बिहाओच्या रुंद पानात बांधून उकडलेला भात, प्रत्येकाच्या ताटात पुरचुंडीसारखा आला. दोरी सोडून पान उलगडताच वाफेबरोबर हळदीचा वास दरवळला आणि मला नागपंचमीच्या पातोळ्यांची आठवण झाली. आत पिवळा भात, कोंबडीचा तुकडा, उकडलेले अंडे आणि एक ऑलिव्ह होते. २४ जूनच्या संत योहानाच्या सणाला तिकडे घरोघरी हेच करतात. आपली हळद तिकडच्या भातात इतकी मुरली आहे आणि तिकडचा युका कंद आपल्याकडे उपासाचा साबुदाणा होऊन बसला आहे, याचे मला फार अप्रूप वाटले.

नणंदबाईंचे मात्र पहिले दोन दिवस हाल झाले. आरक्षण करतानाच शाकाहाराची सूचना दिलेली असूनही ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली नव्हती. पहिल्या सकाळी ताकाचो, म्हणजे कुटलेल्या कच्च्या केळ्यांचा गोळा, त्यांच्या पुढ्यात आला. दिसायला निर्दोष, पण त्यात डुकराची चरबी घालतात, हे मी विचारले म्हणून कळले. त्यांनी हातातला घास तसाच खाली ठेवला. न विचारता असे वाढणे ही गंभीर चूक आहे आणि ती मी विसरू शकत नाही. पुढे आचाऱ्याने मनापासून भरपाई केली: ताडाच्या कोवळ्या गाभ्याच्या फितीसारख्या लांब पट्ट्यांची चोंता कोशिंबीर, तळलेला युका आणि केवळ भात-भाज्यांची वेगळी पुरचुंडी त्यांच्यासाठी आली.

रात्रीचे पास्ता आणि सूप सामान्य होते. कामू-कामू या फळाचे आंबट सरबत मात्र रोज दोन पेले प्यावे असे होते, आणि वाटाण्याएवढी पिवळी चारापिता मिरची तर संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या आमच्या जिभेलाही झणझणीत लागली.

जे माळकरी किंवा शुद्ध शाकाहारी असतील त्यांनी स्पॅनिशमध्ये केवळ 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाविना', असे लिहून थांबू नये, कारण तिकडे अनेकांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे गुरा-डुकरांचेच मांस असते. मासे, कोंबडी, अंडी आणि चरबी असे एकेक नाव कागदावर लिहून तो कागद बोटीवर चढल्याबरोबर थेट आचाऱ्याच्या हाती द्यावा.