बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर वजन उचलायचं कुठे: घर, जिम, फिजिओ की तलाव?

बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया. ती स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी) असो वा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं), चालणं त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सुरू होतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉर्डातल्या सिस्टर स्वतःच उठवतात, त्यात तुमचा निर्णय कसला? निर्णय येतो तो चार ते सहा आठवड्यांनी, ‘५ किलोच्या वर काही उचलू नका’ ही बंदी सर्जन उठवतात तेव्हा. बरेच जण तेव्हाही नुसते चालतच राहतात, कारण काटा खाली येत असतो आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण कमी झालेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही जातात, आणि ही झीज सगळ्यांत जोरात होते ती पहिल्या सहा महिन्यांत. चालण्याने दम वाढतो, साखर आटोक्यात राहते. मांडी, पाठ आणि खांद्याचे स्नायू टिकवायचे तर त्यांच्यावर वाढता भार पडायला हवा.

म्हणून पुढच्या पर्यायांकडे बघताना आमचे निकष दोनच आहेत. इथे भार हळूहळू वाढवता येतो का? आणि काही चुकलं तर ते कुणाच्या लक्षात येतं?

सगळ्यांना लागू असलेल्या गोष्टी आधी

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली १०-१२ मिमीची भोकं बाहेरून दोन आठवड्यांत भरल्यासारखी दिसतात. आतलं आवरण तेव्हा कच्चंच असतं. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि त्या जागी हर्निया (आतडं आवरणातून बाहेर येणं) होऊ शकतो. त्यामुळे जोर लावताना श्वास सोडायचा, आणि क्रंचेस, प्लँक असे पोटाचे व्यायाम आणि जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) पहिले तीन महिने बाजूला ठेवायचे. कंबरेला पट्टा बांधला म्हणून हे नियम शिथिल होत नाहीत.

सुरुवात आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. पाच-सहा व्यायाम, प्रत्येकी दोन सेट, सेटमध्ये १२ ते १५ रेप्स, म्हणजे तितक्या वेळा तीच हालचाल. वजन असं निवडा की सेट संपल्यावर ‘अजून तीन झाल्या असत्या’ असं वाटेल. तिसऱ्या महिन्यानंतर वजन वाढवून ८ ते १२ रेप्स, तीन सेट.

प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि वरची मर्यादा आदर्श वजनाच्या दर किलोला सुमारे दीड ग्रॅम. उंची १६० सेंमी असेल तर आदर्श वजन ६४ किलो धरून ती साधारण ९५ ग्रॅम होते. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात १९-२०, आणि वाटीभर वरणात जेमतेम ५ ते ७. वरण-भातावर हा हिशेब जुळत नाही, आणि शाकाहारी घरात तो सगळ्यांत आधी चुकतो. ६० चा आकडा गाठला नसेल तर सेट वाढवण्याआधी ताट बघा.

घरी: बँड, खुर्ची आणि एक जोडी डंबेल्स

विरार किंवा डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्याच्या हातात आठवड्याच्या दिवशी अर्धा तास उरतो. त्यांच्यासाठी हा पर्याय तडजोड नाही, उलट बऱ्याचदा हाच टिकतो. प्रवास वाचतो, आणि पोटावर कुणाचं तरी कोपर बसण्याची भीतीही. पहिले सहा आठवडे तरी गर्दीच्या वेळची लोकल टाळलेलीच बरी.

व्यायाम साधे आहेत. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीवर पुश-अप, बँड ओढून रोइंग, पाठीवर झोपून कंबर उचलणं, पायरीवर चढ-उतार. खुर्ची ४५ सेंमीच्या आसपास उंच असावी. गुडघे कुरकुरत असतील तर वर घट्ट उशी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी काढा. उशी काढणं हीच भारवाढ. प्लास्टिकची खुर्ची लादीवर सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला टेकवा.

बँडचं, म्हणजे ताणायच्या रबरी पट्ट्याचं, मात्र नीट समजून घ्या. बँड जितका ताणला जाईल तितका त्याचा जोर वाढतो. याचा अर्थ तुम्ही अँकरच्या (बँड जिथे अडकवता त्या जागेच्या) वीतभर जवळ उभे राहिलात तरी आजचा व्यायाम मागच्या वेळेपेक्षा हलका झाला, आणि ते तुम्हाला कळलंही नाही. लादीवर चिकटपट्टीची खूण करा आणि दर वेळी तिथेच उभे राहा. रंगावरही भिस्त ठेवू नका. एका कंपनीचा हिरवा तो दुसरीचा निळा असू शकतो, त्यामुळे पुढचा बँड त्याच कंपनीचा घ्या.

दारात अँकर लावताना अशा बाजूला उभे राहा की ओढल्यावर दार चौकटीत आणखी घट्ट बसेल. उलट बाजूला उभे राहिलात तर दार उघडून बँड तोंडावर येतो. सेफ्टी डोअरच्या जाळीला किंवा खिडकीच्या ग्रिलला बांधायची सवय आपल्याकडे आहेच, पण समुद्राच्या हवेने गंजलेल्या ग्रिलच्या कडा लॅटेक्स कापतात. दर वेळी बँड बोटांत ताणून बघा, नखभर चीर दिसली तरी फेकून द्या. पावसाळ्यात बँड चिकट होतात; टाल्कम पावडर लावून, उन्हापासून लांब, डब्यात ठेवा.

या पर्यायाची खरी मर्यादा पायांपाशी आहे. हातांना आणि पाठीला बँड सहा-आठ महिने पुरतात, पण मांड्यांना तिसऱ्या महिन्यातच कमी पडायला लागतात. तेव्हा पाठीवर १०-१५ किलोची सॅक घेऊन खुर्चीवरून उठा-बस करा, नाहीतर जिम गाठा. शिवाय चूक पकडायला घरात कुणी नसतं. मोबाइल बाजूला उभा करून महिन्यातून एकदा स्वतःचा व्हिडिओ काढला तरी गुडघे आत पडतात का, पाठ वाकते का, हे दिसतं.

गल्लीतली जिम

जिमचा सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे मशीन. लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलणं), सीटेड रो, चेस्ट प्रेस आणि लॅट पुलडाउन या चारांत शरीराचा बहुतेक भाग येतो. पाठीला आधार मिळतो, तोल जायची भीती नाही, आणि पिन एक घर खाली सरकवली की भार वाढला. किती वाढला ते लिहिलेलंही असतं. ज्यांना आकडा दिसल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी सरळ इथे यावं. ट्रेडमिलवर चढण्याआधी मात्र वजनाची मर्यादा वाचा. सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या घरगुती ट्रेडमिलवर ती बऱ्याचदा १००-१२० किलोच असते.

इथे सगळं अडतं ते ट्रेनरपाशी. चांगला ट्रेनर स्नायू जाणतो, पण बदललेलं पोट त्याला माहीत असेलच असं नाही. पहिल्याच दिवशी त्याला स्पष्ट सांगा: शस्त्रक्रिया कोणती आणि कधी झाली, तीन महिने पोटाचे व्यायाम नाहीत, आणि पाणी मी घोट-घोटच पिणार. तरीही ‘वर्कआउट संपताच ३०० मिली शेक एका दमात’ असं तो म्हणालाच, तर मान डोलवा आणि तो शेक पाऊण तासात संपवा. मास गेनर (वजन वाढवायची पावडर) साखरेने भरलेला असतो. बायपासवाल्यांना त्याने धडधड, घाम, पोटात कळा असं डंपिंग होऊ शकतं. फॅट बर्नर आणि प्री-वर्कआउट पावडरी घेऊच नका. व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) घ्यायचं असेल आणि दुधाने पोट बिघडत असेल, तर आयसोलेट प्रकार घ्या, त्यात लॅक्टोज फारच कमी असतं.

दुसरा खड्डा अंगदुखीच्या गोळीचा. पहिल्या लेग प्रेसनंतर दोन दिवस मांड्या भरून येतात आणि जिममधलं कुणीतरी सहज आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी पुढे करतं. बायपास आणि मिनी बायपास (त्याचाच एका जोडाचा प्रकार) झालेल्यांना ती घेता येत नाही, जठर-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. स्लीव्हवाल्यांनीही सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नये. पॅरासिटामॉल चालते. दोन दिवसांनी दुखणं आपणहून जातं.

संध्याकाळी सातनंतर जिममध्ये मशीनसाठी रांग लागते, मग घाईत सेट उरकले जातात आणि मधली विश्रांती गायब होते. सकाळी अकरा ते चार या वेळेत जाणं ज्यांना जमतं त्यांना तीच जिम दुप्पट उपयोगी पडते.

फिजिओथेरपिस्ट

वय साठीच्या पुढे, गुडघ्यांची झीज, इन्सुलिन चालू, किंवा अजूनही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर असेल तर सुरुवात इथूनच करावी. फिजिओ टाके बघतो, चाल बघतो, गुडघा कुठल्या कोनात दुखतो ते शोधून त्या अलीकडे व्यायाम थांबवतो. जिममध्ये इतक्या बारकाईने कुणी बघणार नाही.

अडचण वेगळीच आहे. काही ठिकाणी अर्धा तास शेक आणि करंटच्या मशीनवर जातो, उरलेल्या दहा मिनिटांत अर्ध्या किलोचं कफ (वजनाचा पट्टा) पायाला बांधून पाय वर-खाली. आठव्या आठवड्यातही तेच अर्ध्या किलोचं कफ असेल तर ते स्ट्रेंथ ट्रेनिंग नव्हे. पहिल्या भेटीतच विचारा, ‘तीन महिन्यांनी मी किती वजनाने काय करत असेन?’ उत्तरात किलो आणि रेप्स आले तर माणूस कामाचा. आमच्या मते आठ ते बारा सत्रं इथे करावीत आणि मग शिकलेलं घेऊन घरी किंवा जिममध्ये जावं.

तलाव

कमरेएवढ्या पाण्यात पायांवरचा भार साधारण निम्मा होतो, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांना पाण्यातलं चालणं मानवतं. दादरचा महात्मा गांधी तलाव किंवा चेंबूरचा, असे महापालिकेचे तलाव आहेत. वैद्यकीय प्रमाणपत्र तयार ठेवा. खपल्या पूर्ण पडल्याशिवाय, म्हणजे साधारण चार आठवड्यांच्या आत, पाण्यात उतरायचं नाही. पण जो गुण तोच दोष: हाडांवर भार येत नाही. बायपासनंतर हाडं विरळ होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे फक्त पोहणं हा स्ट्रेंथचा पर्याय धरू नये.

स्लीव्ह की बायपास, याने निवड बदलते का?

जागेची निवड फारशी बदलत नाही, सावधगिरी बदलते. बायपासनंतर पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर झपकन खाली येऊ शकते. नेमक्या त्याच वेळी वजन उचलत असाल तर हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. व्यायामाच्या तास-दीड तास आधी उकडलेलं अंडं किंवा अर्धी वाटी घट्ट दही बरं. ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी), इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना डोस जुना राहून गेलेला असू शकतो; तो डॉक्टरांकडून तपासून घ्या.

बायपासवाल्यांना आणखी एक: व्यायामानंतर पोटात पीळ पडल्यासारखी जोराची कळ आली आणि राहून राहून येतेय, तर ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून शेकत बसू नका. आतड्याचा अंतर्गत हर्निया वर्षांनंतरही होऊ शकतो, थेट रुग्णालय गाठा. एका पोटरीला सूज किंवा एकाएकी दम लागणं, यालाही तोच नियम.

पाण्याचं गणित मुंबईत जरा कठीण होतं. दिवसाला किमान दीड लिटर लागतं, जेवणाच्या अर्धा तास आधी-नंतर प्यायचं नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखालीही घाम थांबत नाही. पाऊण तासाच्या व्यायामात २०० ते २५० मिली घोट-घोट घ्या. खूप घाम आला तर ओआरएस चालतं, त्यात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये त्याच्या चौपट साखर सापडते. सैल कातडीच्या घड्यांत घाम साचून चट्टे उठतात. व्यायामाला सुती बनियनपेक्षा घट्ट बसणारा, लवकर वाळणारा कपडा घाला आणि नंतर घड्या कोरड्या करा.

मग निवडायचं काय?

वय कमी, सांधे शाबूत, पूर्वी कधी तालमीत किंवा जिममध्ये गेलेले असाल तर सहा-आठ आठवड्यांनी थेट जिम. गुडघे किंवा साखर त्रास देत असेल तर फिजिओकडची सत्रं, मग मशीन. वेळच नसेल तर आठवड्यात दोन दिवस घरी बँड, रविवारी सोसायटीच्या जिममध्ये लेग प्रेस. शिवाजी पार्कचे फेरे आणि स्टेशनच्या पुलाचे जिने या सगळ्यांच्या जोडीला राहू द्या, आठवड्याला १५० मिनिटांपासून हळूहळू ३०० कडे.

जमतंय की नाही हे काट्यावर कळत नाही, आणि पायाखालच्या ‘बॉडी फॅट’ मशीनवरही नाही. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की तिचा आकडा फिरतो. त्यापेक्षा ३० सेकंदांत हात छातीशी घेऊन खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते दर महिन्याला मोजा. वजन उतरतंय आणि हा आकडा वाढत नाहीये, तर भार किंवा प्रोटीन यांतलं काहीतरी कमी पडतंय. दोन्ही ठीक असूनही दम लागत असेल किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर लोह, बी १२ आणि डी यांची रक्ततपासणी पुढे ढकलू नका.

फीबद्दल एक सूचना. जिमवाले वर्षाच्या पॅकेजवर मोठी सूट देतात, तरी सुरुवातीला तीन महिन्यांचीच भरा. वजन स्थिरावल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने, पोटाची सैल कातडी काढायचं मनात असेल तर तेव्हा पुन्हा सहा-एक आठवडे वजन उचलणं बंद राहणार आहे. मेंबरशिप तेवढे दिवस फ्रीझ करून मिळते का, हे पैसे भरण्याआधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.