कानचे कार्लटन: मे महिन्यातले आणि नोव्हेंबरातले

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान शहरात, क्रोआझेत नावाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर ५८ क्रमांकाला उभे असलेले कार्लटन हॉटेल मी एकाच वर्षात दोनदा पाहिले. पहिल्यांदा मे २०२४ मध्ये, ७७व्या चित्रपट महोत्सवाच्या गर्दीत, एका मराठी चित्रपटाच्या विक्रीच्या बोलण्यांसाठी. आणि दुसऱ्यांदा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, यजमानांबरोबर दोन रात्रींच्या मुक्कामाला. या दोन भेटींवरून माझे मत असे झाले आहे की उत्सवाच्या दिवसांत या हॉटेलची वास्तू धड पाहता येत नाही, आणि एरवी तेथील माणसांचे कसब दिसून येत नाही. ज्यांना दोहोंपैकी एकच भेट शक्य आहे, त्यांनी कोणती निवडावी हे सांगण्यासाठी हा परिचय लिहिते आहे.

हॉटेल महोत्सवापेक्षा जुने आहे. नीसचे वास्तुविशारद शार्ल दाल्मास यांच्या आराखड्यानुसार बांधलेले कार्लटन १९११ साली सुरू झाले. महोत्सव १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू व्हायचा होता, परंतु नेमके त्याच दिवशी युद्धाला तोंड फुटले आणि पहिला महोत्सव प्रत्यक्षात भरायला सप्टेंबर १९४६ उजाडले. चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला इतर काही चित्रपटांसह सर्वोच्च सन्मान मिळाला तो याच पहिल्या महोत्सवात. पुढे १९५४ साली दिग्दर्शक हिचकॉक यांनी नट-नटी ग्रेस केली आणि कॅरी ग्रँट यांना घेऊन दागिन्यांच्या चोरीची आपली गोष्ट याच हॉटेलात चित्रित केली, आणि २०१३ साली येथील एका प्रदर्शनातून सुमारे १० कोटी युरोंचे दागिने खरोखरच पळवले गेले. अलीकडे, २०२० पासून हॉटेल दुरुस्तीसाठी बंद होते; मार्च २०२३ मध्ये ते ‘रीजंट’ या नव्या नाममुद्रेखाली पुन्हा उघडले. अंतर्भागाची मांडणी त्रिस्ताँ ओएर यांनी केली आहे.

आता मे महिन्याविषयी. महाराष्ट्र शासन २०१६ पासून कानच्या चित्रपट बाजारात मराठी चित्रपट पाठवू लागले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना हे ठाऊक झाले आहे की लाल गालिचा हा या महोत्सवाचा अगदी लहानसा भाग असून खरी उलाढाल त्याच्या मागच्या बाजारात होते. हा बाजार महोत्सवाच्या मुख्य इमारतीत भरत असला, तरी मोठ्या वितरण कंपन्या क्रोआझेतवरील हॉटेलांतले सुईट भाड्याने घेतात, आतला पलंग हलवून टेबल-खुर्च्या मांडतात आणि दारावर कंपनीचे नाव लावतात. आमची भेट अशाच एका खोलीत ठरली होती. त्यामुळे कार्लटनच्या लिफ्टमध्ये नटनट्या, त्यांचे अंगरक्षक, तीन देशांचे वितरक आणि कागदांची पिशवी छातीशी धरलेली मी, असे सगळे एकत्र उभे होतो.

बाहेर रस्त्यावर लोखंडी अडथळ्यांना टेकून सकाळपासून उभी असलेली माणसे, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातात घरून आणलेल्या छोट्या शिड्या, आणि दारापाशी थांबणाऱ्या प्रत्येक काळ्या मोटारीबरोबर उठणारा आवाज. त्या गर्दीत मान वर करून इमारत पाहण्याची सोयच नसते; मागची माणसे पुढे ढकलत असतात आणि सुरक्षारक्षक नम्रपणे, पण सतत, पुढे सरका म्हणत असतात. येथून मुख्य इमारत पायी दहा-बारा मिनिटांवर आहे, तरीही पाहुणे मोटारीनेच जातात, कारण तेवढे अंतर चालणे त्यांना शक्यच होणार नाही.

आत मात्र जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. तिसऱ्या मजल्याच्या मार्गिकेत एक तरुण शिवणकाम करणारी बाई गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून, एका झग्याचा घेर उसवून पुन्हा घालत होती. झगा घातलेली स्त्री भिंतीला हात टेकून निमूट उभी होती. तेवढ्यात कपड्यांच्या झाकलेल्या पिशव्यांनी भरलेली चाकांची दांडी घेऊन हॉटेलचा एक कर्मचारी आला, आणि त्या दोघींना हलायला न सांगता, आवाज न करता, त्याने ती दांडी उलट फिरवली व दुसऱ्या वाटेने गेला. प्रत्येक पिशवीला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी होती. आम्हाला वीस मिनिटे थांबावे लागणार होते, तर कोणीही आमचे नाव किंवा चित्रपट न विचारता दोन खुर्च्या आणि पाणी आणून दिले. आदल्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या एका हॉटेलात ठरलेली भेट असूनही आम्हाला पाऊण तास पावसात दाराबाहेर उभे केले होते, म्हणून ही खुर्ची मला फार मोलाची वाटली.

त्याच महोत्सवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला ग्रां प्री, म्हणजे मुख्य स्पर्धेतले दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक, मिळाले. तीस वर्षांनंतर मुख्य स्पर्धेत आलेला हा भारतीय चित्रपट, त्यात छाया कदम यांची भूमिका आणि कानांवर पडणारी आपली मराठी. त्यानंतरच्या भेटीगाठींत मराठी म्हणजे कोणती भाषा हे आम्हाला समजावून सांगावे लागले नाही.

उत्सवाच्या काळात येथे एखाद-दुसऱ्या रात्रीपुरती खोली मिळण्याची आशा धरू नये, आणि मिळालीच तरी तिचे भाडे सामान्य पर्यटकाच्या आवाक्यातले नसते. नोव्हेंबरात दर खूपच उतरतात. तरीही ते स्वस्त मुळीच नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. आम्ही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी साठवलेल्या पैशांतून तेथे राहिलो आणि त्याची खंत वाटली नाही.

नूतनीकरणात मागच्या बाजूला नव्या शाखा बांधून मधोमध एक बंदिस्त बाग आणि पोहण्याचा तलाव केला आहे. आम्ही समुद्राकडची महाग खोली सोडून या बागेकडची घेतली, आणि इतरांनाही हेच सुचवीन. समुद्र खाली उतरल्यावर समोरच आहे, तो खिडकीतून विकत घेण्याची गरज नाही. बागेतली सकाळची शांतता मात्र बाहेर कोठे मिळत नाही. तळमजल्याच्या दालनातील उंच छत आणि संगमरवरी खांब या खेपेस निवांत पाहता आले. मे महिन्यात याच खांबांना टेकून माणसे फोनवर बोलत उभी होती, त्यामुळे ते संगमरवरी आहेत हेही मला कळले नव्हते.

स्वागतकक्षातील मुलीने आम्ही शाकाहारी आहोत हे आरक्षणातून वाचून न्याहारीच्या आधीच स्वयंपाकघराला कळवले होते. पदार्थ नेटके होते. मोठ्या चवीने आठवावे असे त्यांतले लिंबाचे टार्ट तेवढे. शाकाहारी माणसाने एक जेवण तरी हॉटेलबाहेर, फोरव्हिल बाजारात करावे. तेथे सोक्का मिळतो, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेले, वरून मिरपूड भुरभुरलेले धिरडेच. सोमवारी मात्र तेथे भाजीबाजार नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्याला पाठ टेकवून उभे राहिलो. अडथळे नव्हते, शिड्या नव्हत्या, मोटारी तुरळक. दोन्ही टोकांचे करडे घुमट, मजल्यामजल्यावरच्या लोखंडी सज्जांची नक्षी, खिडक्यांवरची चुन्यातली फुले, हे सगळे कलत्या उन्हात एकेक करून वाचता येत होते. मे महिन्यात ज्या मजल्यावर आम्ही वीस मिनिटे थांबलो होतो, तो मी बोटाने यजमानांना दाखवला. तेथे एक कर्मचारी खिडकीची तावदाने पुसत होता.