रस्ट कन्व्हर्टर: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वापर झाला तो गाडीच्या गंजावर लावायच्या, टॅनिक ॲसिडवाल्या, पांढरट दुधासारख्या दिसणाऱ्या रस्ट कन्व्हर्टरचा. जागा तीन: दाराची खालची कड, मागच्या चाकावरच्या कमानीची आतली दुमड आणि बोनेटच्या टोकावर खडी लागून उडालेले टवके. गाडी वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात, उघड्यावर उभी असते. टवके आणि दाराची कड अजून स्वच्छ आहेत. कमानीच्या दुमडीत मात्र गंज पुन्हा डोकावला, आणि त्याचं कारण बाटलीत नाही, घासण्यात आहे.

हे रसायन गंजाशी संयोग पावून निळसर काळा, घट्ट थर बनवतं. म्हणजे काम करायला त्याला गंज हवाच असतो, पण पातळ आणि पत्र्याला चिकटलेला. पोपडे सुटत असतील तर ते फक्त वरचा थर काळा करतं, खाली गंजणं चालूच राहतं. म्हणून आधी पेचकसाचं टोक दाबून बघा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर बाटली बाजूला ठेवा. तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करण्याला पर्याय नाही. रंगाखाली फुगा असेल तर गंज दिसतो त्याहून बराच पुढे पसरलेला असतो. फुगा फोडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत चारी बाजूंनी घासत जायचं.

घासायला आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, आणि रंगाची कड उतरती करायला ३२०. तारकाथ्या वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तेच पुढे गंजतात. धूळ झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोलने पुसलं तर तेलकटपणा मागे राहतो आणि प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. लागेल तेवढंच, चमचाभर कन्व्हर्टर झाकणात ओतून ब्रशने लावा. उरलेलं पुन्हा बाटलीत टाकलं तर सगळी बाटली खराब होते. दोन पातळ हात, आणि दुसऱ्या हातानंतर पुढचा दिवस उजाडेपर्यंत वाट पाहायची. फॉस्फोरिक ॲसिडवालं आणलं असेल तर लेबलप्रमाणे आम्ल धुऊन पूर्ण वाळवणं फार गरजेचं आहे, कारण आम्ल उरलं तर वरचा इपॉक्सी प्राइमर नीट सेट होत नाही.

खरं संरक्षण इपॉक्सी प्राइमरचं. साधा राखाडी प्राइमर सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. तो मारून 'रंग नंतर बघू' म्हणत पावसात गाडी काढली की खालून तांबूस डाग फुटतात. टू-के, म्हणजे घट्ट करणारं हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा इपॉक्सी घ्या, दोन हात, त्यावर रंग, त्यावर टू-के क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर. टू-के स्प्रेची पिन दाबली की मिश्रण आत घट्ट होऊ लागतं, म्हणून सगळे पॅच एकाच बैठकीत उरका. टू-के क्लिअरच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक आहे. साधा कापडी मास्क चालत नाही, आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करूच नका. रंगाचा कोड गाडीच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा दाराच्या खांबावर. तो दाखवून रंग जुळवून घ्या.

मुहूर्त कोरड्या हवेचा: दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. जून-जुलैत हवेतला ओलावाच रंगाखाली अडकतो.

कमानीत गंज परतला तो दुमडीच्या आतून. तिथे पेपर पोहोचत नाही, आणि कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे लायनर, न काढता लावलेला कन्व्हर्टर चिखलावरच बसतो. लायनर उतरवून, चिखल धुऊन, पूर्ण वाळवूनच हात लावा. दारांच्या आतल्या जोडांसाठी लांब नळीचं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ जागेत मारायचं मेण, उत्तम, पण ते रंगकाम पूर्ण झाल्यावरच, कारण वॅक्स लागलेल्या पत्र्यावर रंग टिकत नाही. मारून झाल्यावर दाराखालची पाणी निघायची भोकं केबल टायने मोकळी करून घ्या.