पहिली पाळी सुधारली: चारिझार्ड डेकचा पावसाळाभराचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. तुमच्याकडे पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळातला चारिझार्ड ईएक्स या कार्डाभोवती बांधलेला डेक (खेळायची गड्डी) असेल आणि तो सुरुवातीलाच अडखळत असेल, तर आणखी दांडगी कार्डं घेण्यात पैसे घालू नका. पहिल्या पाळीत बेंच (मागे राखीव पोकेमॉन बसवायची जागा) भरून देणारी कार्डं घ्या. आम्ही पाऊस लागायच्या आधी डेकमधली आठ पानं बदलली, आणि तेव्हापासून सावंतवाडीत घरी पुतण्यांबरोबर तोच डेक खेळतोय. पावसात मैदान बंद असतं आणि लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे खेळून बघायला वेळ भरपूर मिळाला.

अडचण अशी होती. चारिझार्ड ईएक्स म्हणजे ३३० एचपीचं (मार सोसायच्या ताकदीचं) कार्ड. चारमँडर या त्याच्या छोट्या रूपावरून ते मैदानात उतरलं की डेकमधून तीन फायर एनर्जी (हल्ल्याला लागणारी ताकदीची कार्डं) शोधून लगेच लावता येतात. मार १८०चा, आणि समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे (सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या सहा पानांपैकी, पोकेमॉन बाद केल्यावर उचलायचं पान) आणखी ३०. हे सगळं उत्तमच. पण पहिल्या पाळीत कुणालाच पोकेमॉन इव्हॉल्व्ह करता (छोट्यावर त्याचं मोठं रूप ठेवता) येत नाही, मधली पायरी गाळून देणारं रेअर कँडी हे कार्डही तेव्हा चालत नाही. म्हणजे लवकरात लवकर चारिझार्ड येणार तो दुसऱ्या पाळीला, आणि तोही चारमँडर पहिल्या पाळीतच खाली बसला असेल तरच. हातात दोन चारिझार्ड, एक रेअर कँडी, तीन एनर्जी आणि पुढे एकटा पिजी हा छोटा पोकेमॉन, असा हात आमच्याकडे वारंवार यायचा. धाकटा पुतण्या विचारायचा, "काका, तुझो चारमँडर खंय आसा?" तो डेकच्या तळाशी असायचा. पुढच्या पाळीत पिजी बाद, बेंच रिकामा, आणि बेंचवर कुणी नसेल तर डाव तिथेच संपतो.

आता आकडे, कारण खरा उलगडा तिथेच आहे. डेक ६० पानांचा, सुरुवातीला हातात ७. डेकमध्ये बेसिक पोकेमॉन (हातातून थेट मैदानात बसवता येणारे, चारमँडर-पिजीसारखे) ८ असतील तर सातांत एकही न येण्याची शक्यता साधारण ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या एका डावात पानं परत पिसायची आणि समोरच्याला एक जादा पान घेऊ द्यायचं. बेसिक १२ केले की हेच प्रमाण १९ टक्क्यांवर येतं. चार पानांनी एवढा फरक पडतो.

म्हणून आधी बेसिक वाढवले: चारमँडर तीनचे चार, पिजी एकाचे तीन, आणि आणखी एक छोटा बेसिक. पिजी वाढवण्याचं कारण त्याचं मोठं रूप, पिजॉट ईएक्स. तो उभा राहिला की दर पाळीला डेकमधलं हवं ते एक पान काढता येतं. उरलेल्या चार जागी बडी-बडी पॉफिन घातलं. हे मार्च २०२४ मध्ये आलेलं आयटम (मदतीच्या साधनाचं) कार्ड. ७० किंवा त्याहून कमी एचपीचे दोन बेसिक पोकेमॉन डेकमधून शोधून थेट बेंचवर ठेवतं. चारमँडर आणि पिजी दोघंही त्यात बसतात. नेस्ट बॉल एकच आणतो, पॉफिन दोन आणतं. नेस्ट बॉल चार होतेच, तेही ठेवले. अशी आठ पानं झाली की सुरुवातीच्या सातांत त्यातलं किमान एक येण्याची शक्यता ६५ टक्के होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पॉफिन बेंचवर पोकेमॉन आणतं, पण सुरुवातीच्या हातात बेसिकच नसेल तर ते वाचवत नाही. त्यामुळे नुसती पॉफिन घालून भागत नाही, बेसिकही वाढवावेच लागतात.

जागा करायला तीन एनर्जी, एक अल्ट्रा बॉल (डेकमधून पोकेमॉन शोधणारं), दोन स्टेडियम (मैदानावर ठेवायची) आणि दोन टूल (पोकेमॉनला जोडायची) अशी कार्डं काढली. अल्ट्रा बॉल चांगलंच कार्ड आहे, पण त्यासाठी हातातली दोन पानं टाकावी लागतात आणि पहिल्या पाळीत ते जिवावर येतं. एनर्जी काढल्याचा फटका शेवटाला बसतो. दोन चारिझार्ड पडून तिसरा आला की डेकमध्ये त्याला लावायला कधीकधी एनर्जीच उरलेली नसते. डावाच्या शेवटी हातात आलेलं पॉफिनही बहुतेक वेळा पडूनच राहतं. हे दोन तोटे खरे आहेत आणि ते मान्य करूनच हा बदल करावा. रेअर कँडी चारच्या चार ठेवा, कमी करू नका. चारांपैकी किमान एक सहा प्राइझमध्ये अडकण्याची शक्यताच ३५ टक्के आहे.

आता कोकणातल्या माणसाला खास सांगण्यासारखं. आमच्या गावाला पत्त्यांचं नवल नाही. इथे हाताने रंगवलेल्या दशावतारी गंजिफ्याची १२० पानं असतात, दहा रंग आणि प्रत्येकी बारा. पण छापील कार्ड आणि कोकणातली दमट हवा यांचं जमत नाही. चमकीचं कार्ड एका बाजूने दमट हवा शोषतं, चमकीची बाजू शोषत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. जुलैत आमचे तिन्ही चारिझार्ड वाकले होते आणि गड्डीत ते कुठे आहेत हे बाजूने बघून कळायचं. हे खेळात चालणार नाही. त्यावर दुहेरी स्लीव्ह (कार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट) आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने बऱ्यापैकी भागलं.

स्लीव्हचा त्रास वेगळा. दमट स्लीव्ह एकमेकींना चिकटतात, पानं नीट पिसली जात नाहीत, आणि मागच्या डावात एकत्र पडलेल्या एनर्जी एकत्रच हातात येतात. बेसिक कितीही वाढवा, पिसणंच कच्चं असेल तर वरचे टक्के लागू होत नाहीत. गणिती पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बेयर यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला गड्डीचे दोन भाग एकमेकांत सोडत साधारण सात वेळा पिसावे लागतात. आपली तर साठ पानं. मी आधी स्लीव्ह सुक्या फडक्याने पुसून घेतो आणि मग पोरांकडून आठ वेळा पिसून घेतो. कंटाळा येतो, पण हा भाग सोडू नका. गुळगुळीत स्लीव्हपेक्षा पाठीमागे खरखरीत असलेल्या पावसात जास्त टिकल्या.

जत्रेत मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं डेकमध्ये घालू नका. ती नकली असतात आणि त्यांची जाडी वेगळी लागते.

पहिलं खेळायचं की दुसरं, याचंही उत्तर बदललं. पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टर (मदतनीस पात्राचं कार्ड) खेळता येत नाही, म्हणून आधी आम्ही दुसरी पाळी मागायचो. पॉफिन आणि नेस्ट बॉल दोन्ही आयटम आहेत, त्यांना ही बंदी नाही. आता नाणं जिंकलं की पहिलीच पाळी घेतो, दोन चारमँडर आणि एक पिजी बसवतो, आणि समोरच्याची एकच पाळी झालेली असताना चारिझार्ड उतरवतो. मोठा पुतण्या मात्र अजून दुसरीच पाळी मागतो. त्याच्या डेकमध्ये पॉफिन दोनच आहेत, त्याला पहिल्याच पाळीत सपोर्टर हवा असतो आणि त्याच्यासाठी ते बरोबरच आहे.