सात महिने, बारा फुटी कयाक आणि श्रीखंडाचा डबा

बोटीच्या पोटातून निघालेलं पाणी मी बोटावर घेऊन जिभेला लावलं, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. पाणी खारट होतं. अ‍ॅरोखरच्या किनाऱ्यावर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, चार महिने चाललेला माझा स्वतःशीच वाद तिथे मिटला. बोट गळत होती.

हा माझ्या मासेमारीच्या कयाकचा रिव्ह्यू. ज्यांना फक्त मापं हवी आहेत त्यांच्यासाठी: १२ फूट, ३१ किलो, सिट-ऑन-टॉप (म्हणजे बंद पोकळ बोट, आपण वर बसायचं), वल्ह्याची. पेडलवाली परवडत नाही आणि परवडली तरी घेणार नाही, कारण जितके फिरणारे भाग तितकी बिघडायची ठिकाणं. मार्चच्या सुरुवातीला ६४० पौंडांना नवीन घेतली. त्याच पावतीवर बोट पाण्यापर्यंत ओढायला ३८ पौंडांचा दोन चाकी गाडाही घेतला. या गाड्याकडे लक्ष ठेवा. खुर्ची अप्रतिम आहे, पाच तास बसून कंबर धरत नाही. सुकाणू नाही, त्यामुळे बाजूचा वारा आला की बोटीचं नाक फिरतं आणि एकाच बाजूने वल्हवत राहावं लागतं. रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी खोचायची भोकं, ठीक. 

मी मूळचा कोकणातल्या आचऱ्याचा, आता नऊ वर्षं ग्लासगोत. गावी लहानपणी खाडीत गरवायला जायचो ते होडीतून, आणि होडी दुसऱ्याची. स्वतःची बोट ही पहिलीच. म्हणून असेल, पण पहिल्या दिवसापासून मी तिचं पाणी मोजत आलो. घरी परतलो की मागचं बूच काढायचं, बोट उभी करायची आणि जे येईल ते अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घ्यायचं. वहीत नोंद आहे. एप्रिल, लॉख लोमंड: दोन चमचे. मे: पाव डबा. मे अखेर: एक डबा भरून. जून: तीन डबे.

(लॉख म्हणजे तळं, किंवा समुद्राचा आत शिरलेला फाटा. ‘लॉख’ असंच म्हणा. ‘लॉक’ म्हटलं की इथले म्हातारे दुखावतात. आपल्याला ख म्हणायला कष्ट पडत नाहीत, मग कशाला इंग्रजांसारखी चूक करायची?)

तीन डब्यांपर्यंत मी गप्प का बसलो, तर लोमंडचं पाणी गोडं. बंद पोकळ बोटीत किनाऱ्यावरची ऊबदार हवा अडकते, खाली थंड पाणी लागलं की आतल्या भिंतींना दव धरतं, आणि ते ओघळून तळाशी जमतं. हे सगळ्याच कयाकमध्ये होतं. म्हणजे बुचातून आलेलं पाणी दवाचं की तळ्याचं, हे गोड्या पाण्यात चव घेऊन कळत नाही. मी सोयीस्करपणे दव मानलं. उन्हाळ्यात दव वाढतं, असंही स्वतःला पटवलं. चमच्यांवरून डब्यांवर जाणारं दव कुठे असतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही, कारण ६४० पौंड.

लोमंडबद्दल एक गंमत सांगून ठेवतो. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ कुठल्याही तळ्यात वल्हं मारत फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पैसे न देता. पण त्या हक्कात मासेमारी येत नाही. म्हणजे मी बोट घेऊन दिवसभर फिरलो तर फुकट, रॉड बाहेर काढला की परमिट. इंग्लंडसारखं सरकारी रॉड लायसन्स मात्र इथे लागत नाही. परमिट मी दर वेळी काढतो, कुरकुरत. आमिषाला जिवंत मासा लावायला बंदी आहे, म्हणून पाइकसाठी (तळ्यातला मोठा शिकारी मासा) मी सुपरमार्केटमधला बांगडा कापून लावतो. इथला बांगडा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, अंगावर वाघासारखे पट्टे, चव जरा तेलकट. ताजा बांगडा गळाला लावून तळ्यातला मासा पकडतो आणि तो पकडलेला मासा परत सोडतो, हे मी आचऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

गळतीचं मात्र काकांना सांगितलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी डबा बघितला नि हसले. “होडी म्हटल्यार पाणी येतलाच. करवंटी ठेव नि उपस.”

काकांचं त्यांच्या होडीपुरतं बरोबर आहे. लाकडी होडीत पाणी आलं तर ते पायाला लागतं, दिसतं, करवंटीने उपसता येतं. या प्लास्टिकच्या बोटीत तुम्ही पाण्यावर ठेवलेल्या एका मोठ्या बंद डब्यावर बसलेले असता, आणि पाणी त्या डब्याच्या आत. वर सगळं कोरडं. स्कपर म्हणजे डेकपासून, बसायच्या वरच्या भागापासून, तळापर्यंत आरपार गेलेल्या निचऱ्याच्या नळ्या. स्कपरमधून आलेलं पाणी स्कपरमधूनच जातं, आपण खूश. पोटात किती साठलंय ते किनाऱ्याला लागून बूच काढेपर्यंत कळत नाही. आणि साठलेलं पाणी एका जागी बसत नाही. तुम्ही डावीकडे वाकलात की तेही डावीकडे धावतं, म्हणजे नेमकं ज्या बाजूला बोट कलते त्याच बाजूला वजन वाढतं. जूनमध्ये पाइकचा गळ सोडवायला वाकलो होतो. बोट कलली, आणि मी सरळ झालो तरी ती एक क्षणभर तशीच राहिली. मग हळूच परत आली. त्या एका क्षणात मला लोमंडची खोली आठवली. उत्तरेकडच्या अरुंद भागात ती १९० मीटरपर्यंत जाते. खरं तर बुडायला दोन मीटर पुरतात, आणि जूनमध्येही ते पाणी इतकं थंड असतं की पडल्यावर पहिला मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही. (ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख, घेतला नव्हता तोवर. दुसऱ्या दिवशी घेतला, वापरलेला, गळ्याचं रबर बदललेला.)

आता समुद्र. लोमंडवरचं टार्बेट आणि लॉख लाँगवरचं अ‍ॅरोखर यांच्यात जेमतेम तीन किलोमीटरची खिंड आहे. एका बाजूला गोडं तळं, दुसऱ्या बाजूला समुद्राचा आत शिरलेला हात. १२६३ साली नॉर्वेच्या राजाच्या आरमारातल्या लोकांनी आपली जहाजं याच खिंडीतून ओढत आणून लोमंडमध्ये सोडली आणि तळ्याकाठची गावं लुटली. टार्बेट या नावाचा अर्थच मुळी जहाजं ओढून न्यायची जागा. मी गेलो उलट्या दिशेने आणि गाडीच्या टपावरून. पण अ‍ॅरोखरला ओहोटी असली की पाणी लांब जातं, आणि गाडीपासून पाण्यापर्यंत दगड, शेवाळ, चिखल, शिवाय लॉखच्या टोकाला वाहून आलेला प्लास्टिकचा कचरा. तिथे माझा गाडा. बॅटरी, नांगर, मासे ठेवायची पेटी धरून सगळं मिळून पंचेचाळीस किलो, आणि दर दगडाला दण्.

मासेमारीचं म्हणाल तर तो दिवस या सात महिन्यांतला सर्वांत सुखाचा. बांगडा समुद्रात पकडायला परमिट लागत नाही. जुन्या टॉर्पेडो चाचणी केंद्राचे अवशेष पश्चिम किनाऱ्याला आहेत, त्यांच्यासमोर पिसांचे गळ सोडले आणि एकदम चार बांगडे लागले. दोरी अशी थरथरते की हातात कोणी शिलाई मशीन दिलंय असं वाटतं. आठ ठेवले. घरी तिरफळं होती, जपून ठेवलेली, ती त्या दिवशी काढली. पण त्याआधी, तिथे किनाऱ्यावरच, बूच काढलं. अकरा डबे. आणि चव मी सुरुवातीलाच सांगितली.

भोक शोधायची पद्धत कोणाला हवी असेल तर: बोट दोन लाकडी घोड्यांवर उलटी ठेवा, गादीत हवा भरायचा पंप बुचाच्या भोकाला कापड गुंडाळून लावा आणि तळाला ब्रशने साबणाचं पाणी फिरवा. हवा अगदी थोडी. मला आचरा तिठ्यावरचा सायकलचा पंक्चरवाला आठवला, ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुड्याची वाट बघणारा. हॅचभोवती, म्हणजे डेकवरच्या झाकणाभोवती, काही नाही. बुचाभोवती काही नाही. रॉड होल्डरवर माझा पक्का संशय होता, तिथेही काही नाही. मग खुर्चीच्या मागच्या उजव्या स्कपरच्या कडेला बारीक फेस आला, वरण उतू जायच्या आधी येतो तसा. पुसलं, पुन्हा आला. नखाने चाचपलं तर स्कपरची नळी जिथे तळाला मिळते तिथे, अर्ध्या गोलाएवढी केसासारखी चीर.

त्या स्कपरमध्येच गाड्याची एक खुंटी जाते.

या प्रकारच्या गाड्याला दोन खुंट्या असतात, त्या स्कपरच्या भोकांत खालून वर घुसवायच्या. दिसायला झकास, पट्टे बांधायची कटकट नाही. पण मग सगळं वजन दोन नळ्यांवर, आणि या नळ्या म्हणजे बोटीच्या तळाला आणि डेकला जोडणारं नाजूक ठिकाण. दगडावर चाक आदळलं की खुंटी पहारीसारखी काम करते.

दुकानाला फोटो पाठवले, पावती पाठवली, वहीची पानं पाठवली. (डब्याचं माप पाचशे मिलिलिटर धरलं होतं, हेही लिहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.) उत्तर आलं: स्कपरमध्ये खुंट्या घालणारा गाडा वापरणं हा गैरवापर आहे, बोटीच्या पुस्तिकेत तसं लिहिलंय. पुस्तिका काढून बघितली. लिहिलंय खरं, मागच्या पानावर, बारीक अक्षरात. मी लिहिलं, तुमच्याच माणसाने बोट आणि गाडा एकत्र विकला, एकाच पावतीवर, “या बोटीला बरोबर बसतो” म्हणून. त्यावर आठवडाभर शांतता. मग मी २०१५ चा ग्राहक हक्क कायदा काढला. वस्तू घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो पहिल्यापासूनच होता असं धरतात, तसं नव्हतं हे दुकानाने दाखवायचं. मला पाच महिने झाले होते. त्यांनी पंधरा टक्के सवलतीचं कूपन देऊ केलं, पुढच्या खरेदीवर. पुढची खरेदी! माझं रेटिंग एक तारा. दुकानालाही आणि बोटीलाही.

*

इथवरचं ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, आणि रागात. ते तसंच ठेवतो. आता ऑक्टोबर आहे, बोटीला दिलेला एक तारा मागे घेतो.

झालं असं की मी आधी स्वतःच डागडुजी केली, म्हणजे पैसे वाचवायला गेलो. दोन भाग मिसळायचं इपॉक्सी आणून चिरेवर चोपडलं. दोन दिवसांनी ते खपलीसारखं अख्खं हातात आलं. ही बोट पॉलिएथिलिनची आणि पॉलिएथिलिनला गोंद चिकटत नाही. तेलकट तव्यावर स्टिकर लावण्यासारखं आहे ते. त्याला वितळवून सांधावं लागतं, तेही त्याच जातीच्या प्लास्टिकने. शेवटी एक गृहस्थ सापडले. त्यांचा खरा धंदा शेतावरच्या पाण्याच्या टाक्या आणि घोड्यांची कुंडं दुरुस्त करायचा. त्यांनी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळायची थांबते, मग धारेवर खाच काढली आणि गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिकची कांडी त्यात भरत गेले. मेण वितळल्यासारखा मंद वास. पंचवीस मिनिटं. रंग जुळला नाही, हिरव्या बोटीला काळा व्रण आहे. ३५ पौंड.

त्याच आठवड्यात दुकानाने गाड्याचे ३८ पौंड परत केले, “सद्भावना म्हणून”. गाडा परत मागितला नाही. म्हणजे या प्रकरणात मला तीन पौंड सुटले. पेट्रोल धरलं तर नाही सुटले, पण पेट्रोल मी धरत नाही.

त्यानंतर सहा फेऱ्या झाल्या, चार लोमंडवर आणि दोन लॉख लाँगवर. वही: शून्य, शून्य, अर्धा चमचा, शून्य, एक चमचा, शून्य. तो एक चमचा लॉख लाँगचा होता. चाखला. गोडा. दव!

म्हणून सुधारित मत असं. बोट चांगली आहे. पाच महिने मी तिच्या दोन नळ्यांवर पंचेचाळीस किलो आदळत होतो आणि तरी ती मला दर वेळी काठाला आणत होती, हे मला ऑगस्टमध्ये दिसलं नव्हतं. खुर्चीबद्दल तेव्हा जे म्हटलं तेच अजून म्हणेन. सुकाणूबद्दलही तेच, आणि वारा नसेल तर मिज, म्हणजे चावणारी बारीक चिलटं, येतात, त्यामुळे या देशात वाऱ्याबद्दल तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची. हॅचचं झाकण उघडायला अजूनही दोन्ही हात नि एक गुडघा लागतो. दुकानाबद्दलचा तारा जिथे होता तिथेच आहे. नवीन गाडा पाळण्यासारखा आहे, तळाखाली फोमच्या पट्ट्या, वरून बांधायचा पट्टा. बांधायला दोन मिनिटं जातात. जाऊ देत.

जुना गाडा मी विकायला काढला होता, बारा पौंडांना. गेल्या रविवारी एक मुलगा आला, विद्यार्थी, पहिलीच बोट घेतलेला, पैसे मोजूनच आणले होते. मी विचारलं बोट कुठली. माझ्यासारखीच, स्कपरवाली, फक्त निळी. मी तिथेच उभा राहून मनात बाराला शंभराने गुणून रुपये केले, तेवढ्यातल्या तेवढ्यात, आणि मग सांगितलं की विकायचा नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. तेरा म्हणाला.

आता त्या गाड्यावरून तुळशीची कुंडी हिवाळ्यापुरती आत-बाहेर करतो. खुंट्या कापून टाकल्यात.